मार्चमधली छाटणी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ऑफिसात अरुणकाकांच्या मुलीचा, मीनलचा, फोन आला. "बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मग नातेवाईक, फ्युनरल होम, कुणी कधी यायचं, सगळं एका दमात सांगून तिने फोन ठेवला. याला आता दोन महिने होतील. अरुणकाकांबद्दल काही लिहायचं, तर मला त्यांच्या पार्सिपनीच्या घरामागच्या तीन झुडपांबद्दलच लिहावं लागेल.

काका माझ्या वडिलांचे कॉलेजातले मित्र. २००१ साली मी पुण्याहून एम.एस.ला अमेरिकेत आले, तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. काकू आधीच गेल्या होत्या. शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायची. मागच्या कुंपणाजवळची जमीन कायम ओली, तिथे गुलाब कुजले, टोमॅटो कुजले. त्या ऑक्टोबरात त्यांनी नर्सरीतून रेड एल्डरबेरीची तीन रोपं आणली. "याला ओल चालते, अर्धी सावलीही चालते," एवढंच म्हणाले. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. खड्ड्यांमधलं अंतर टेपने मोजलं, बुंध्यांशी पालापाचोळ्याचा थर दिला. २००३च्या मे महिन्यात पांढरट तुरे आले आणि जूनअखेरीला लालभडक फळांचे घोस. मग पक्षी यायला लागले. काका किचनच्या खिडकीशी चहा घेऊन बसायचे आणि मला फोनवर सांगायचे, "आज कॅटबर्ड आला होता."

त्याच जुलैत मीनल आपल्या तीन वर्षांच्या मुलीला, ईशाला घेऊन आली. मीही तिथेच होते. आम्ही बोलण्यात गुंतलो आणि तेवढ्यात पोरीने मूठभर फळं तोंडात घातली. ती न शिजवता खाल्ली तर बाधतात. उलट्या सुरू झाल्या, इमर्जन्सीत नेलं. संध्याकाळपर्यंत ती खेळायलाही लागली. पण गाडीत बसताना मीनल शांतपणे म्हणाली, "बाबा, ती झाडं काढून टाका. तोवर मी ईशाला आणणार नाही."

काकांनी झाडं काढली नाहीत. त्या दिवाळीला घरात आम्ही दोघंच होतो. झाडं ठेवणं मला पटलं नाही, तसं म्हणालेही. "इतकी छान धरली आहेत," ते म्हणाले, "उपटू कशी?"

मार्चमध्ये त्यांनी मला मदतीला बोलावलं आणि करवतीने सगळ्या फांद्या जमिनीलगत कापल्या. "गेली एकदाची," मी म्हणाले.

"गेली नाहीत. मुळं आहेत, परत फुटतील. पण याला फूल येतं ते गेल्या वर्षीच्या फांदीवर. दर मार्चला कापलं की नुसती पानं. फळ नाही."

हेच त्यांनी मीनलला फोनवर नीट समजावलं. एप्रिलमध्ये ती ईशाला घेऊन आली. पुढे दर मार्चला गुडघे दुखत असतानाही काका खाली बसून फांद्या कापायचे. चार वर्षं झुडपं हिरवीगार राहिली, पण फळाला येणारे पक्षी काही आले नाहीत. एकदा मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "ईशा आठ वर्षांची झाली की तिला नीट सांगेन. मग नाही कापणार."

यंदा ईशा आठ वर्षांची झाली...

मार्चमध्ये मीनल घर आवरत होती, तेव्हा मी गेले होते. ती गॅरेजमधून करवत घेऊन आली. "कापायची वेळ झाली ना? बाबा कधी चुकवायचे नाहीत." मी तिला काकांचं ते बोलणं सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. तिने ईशाला हाक मारली. "ईशा, याला लाल फळं आली तर काय करायचं?"

"डोन्ट ईट देम. दे आर फॉर द बर्ड्‌स," ईशा म्हणाली. "आजोबा टोल्ड मी."

"कधी?"

"लास्ट समर."

मीनल करवत गॅरेजमध्ये ठेवून आली आणि आम्ही पुन्हा खोकी भरायला बसलो. घराचं काय करायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही. मी काल जाऊन आले. फांद्या माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत, आणि पानांच्या बेचक्यांत कळ्यांचे बारीक, जांभळट गुच्छ धरले आहेत.