जावयासाठी पाळलेला जिताडा

दोन वर्षं आमच्या घरातलं सगळ्यात ताजं अन्न कोण खात होतं, हे मला एका रविवारी भर दुपारी, गुडघाभर चिखलात उभा असताना कळलं.

ताज्या अन्नाचं मला वेड आहे. वाटण पाट्यावरचंच लागतं (पाट्याशी बायको बसते, त्यामुळे मला त्यात काही अवघड वाटत नाही!), नारळ त्याच दिवशी फोडलेला हवा, आणि बर्फातला मासा समोर आला तर मी त्याला ओळखही दाखवत नाही. अशा माणसाला लेकीनं, केतकीनं, लग्न ठरताना सांगितलं, "बाबा, निखिल मासे खात नाही. वास येतो म्हणतो. पाकिटातलं मात्र काहीही चालतं त्याला."

"त्यानं ताजा मासा खाल्लेलाच नसणार!" मी म्हणालो. पण मनात हिशेब सुरू झाला होता. लग्न होऊन दोघं नोकरीसाठी जर्मनीला जाणार होती आणि दोन वर्षांनी पुण्यात परतणार होती. जावयाला आमच्याकडे करमलं नाही, तर लेक तरी कितीदा येणार? गणपतीला एकदा, तेही दीड दिवस!

आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा मासा पाळायची रीत आहे. पिल्लू सोडायचं, वाढवायचं आणि मोठा पाहुणा आला की मासा काढायचा. मीही खाडीवरून एक पिल्लू आणून तळ्यात सोडलं. रोज संध्याकाळी कोळणीकडून ताजी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घ्यायची आणि काठावर बसून त्याला भरवायची. पाणी हलकेच हलायचं, करंदी गडप व्हायची.

"अहो, आपल्याला आमटीत बटाटा, आणि त्याला करंदी?" बायको, सुनंदा, विचारायची.

"शेवटी ती जावयाच्याच पोटात जाणार आहे!"

"पण तो मासा कधी दिसला का तुम्हाला?"

"दिसायला कशाला हवा? पाणी हलतं की!"

आणि मग मी हरवून जायचो. माडांच्या सावल्या पाण्यावर लांब होत जायच्या, खाडीकडून वारा यायचा, आणि त्या हिरव्या पाण्यात मला हळूहळू कालवण दिसू लागायचं. कडेला लाल तवंग, मधे जाड पांढरी तुकडी, तिला टेकून एक आमसूल. निखिलराव पहिला घास घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बाबा, आम्ही इथंच राहू का?" मी म्हणतो, "आधी जेवा तर!" एकदा या संभाषणात मी इतका रंगलो, की उरलेली करंदी सदऱ्याच्या खिशात घालून तसाच झोपलो. सकाळी मांजर माझ्या छातीवर बसलेलं होतं.

अखेर तो रविवार आला. केतकी आणि निखिलराव सकाळीच हजर. मी गळ टाकला. काही नाही. जाळं टाकलं. एक चप्पल आली. (माझीच होती.)

"बाबा, मासे नसले तरी मला चालेल," जावई नम्रपणे म्हणाले.

"तुम्हाला चालेल हो, मला नाही चालणार!"

शेजारचा बारकू पंप घेऊन आला. पाणी उपसायला लागलो. निखिलरावांनी जर्मनीहून आणलेली पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तेही तळ्यात उतरले. केतकी काठावरून ओरडत होती, "बाबा, भूक लागली!" आणि मी ओरडत होतो, "ताजं खायचंय ना? मग थांब!"

पाणी सरलं. तळाच्या चिखलात एक भलामोठा उंचवटा हलला.

"हाय! हाय!" बारकू नाचायला लागला. "मास्तर, धरा!"

मी दोन्ही हातांनी कवटाळलं. जिताडा इतका गोल? इतका टणक? तेवढ्यात चिखलातून एक मान बाहेर आली आणि माझ्याकडे अगदी ओळखीनं बघू लागली.

कासव!

"आता समाजलं," बारकू म्हणाला. "पावसात तळा भरून वाहला, तवाच तुमचा जिताडा खाडीला गेला आसंल. दोन वरसं तुमी ह्याला पोसलाव!"

कासव चांगलंच बाळसेदार झालं होतं. मला मात्र खरोखर रडू आलं. मासा गेल्याचं नव्हे. दोन वर्षं रोज ज्या पंगतीत बसलो होतो, ती पंगत उठल्याचं. आता लेक कशाला येतेय पुन्हा!

हातपाय धुऊन आत गेलो, तर ताटात तळलेल्या तुकड्या. "मासा कुठला?" मी विचारलं.

"तळ्यातला नाही, एवढं नक्की," सुनंदा म्हणाली. फ्रीजरच्या तळाशी तिनं आठवडाभर पाकीट लपवून ठेवलं होतं! निखिलरावांनी भुकेच्या तडाख्यात अख्खं ताट चाटूनपुसून संपवलं आणि वर म्हणाले, "आई, याला वास नाही!" माझ्या वर्मी घाव बसला. मग ते माझ्याकडे वळले. "बाबा, तळं परत भरायचं ना? पुढच्या शनिवारी येऊ का आम्ही? कासवाला तुमच्याशिवाय कोण आहे?"

तेव्हापासून दोघं महिन्यातून दोनदा येतात. निखिलराव गाडीतून उतरले, की आधी तळ्यावर. कोळणीला बजावतात, "मावशी, करंदी आजचीच आहे ना? त्याला शिळी चालत नाही." संध्याकाळी आम्ही दोघं काठावर बसतो. पाणी हलतं, माडांच्या सावल्या लांब होतात, घरातून केतकीचं हसणं ऐकू येतं, आणि मला आणखी काही नको असतं.

ताजी करंदी कासवाची. माझ्यासाठी जावई आठवणीनं पाकीट आणतात. परवा मी तिसरी तुकडी मागून घेतली, तेव्हा सुनंदानं विचारलं, "काय हो, बर्फातल्या माशाशी ओळख झाली वाटतं?"

मी मान आत ओढून घेतली आणि काटे काढत बसलो.