शून्य चुका

बीडमधल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिथला जुना कॉम्प्युटर भारी कुरकुऱ्या होता. मेमरीत जरा काही बिघडलं की लगेच नोंद करायचा: चूक सापडली, दुरुस्त केली. रोज सकाळी त्या नोंदी वाचून मी वैतागायचो. शेवटी डॉक्टरांच्या मागे लागून मी दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेला नवा कॉम्प्युटर आणवला. चुका मोजणारा प्रोग्राम मात्र जुनाच ठेवला. तो रोज शून्य दाखवू लागला आणि मी सुखाने चहा पिऊ लागलो.

त्याच दिवसांत आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तपासणीला आणलं. तलवाड्याकडे त्यांच्या शेळ्या आहेत. मी मोठ्या कौतुकाने त्यांना कुरकुऱ्याची आणि या गुणी बाळाची गोष्ट सांगितली.

"वरडती शेळी बरी," आबा म्हणाले. "गप बसली की तिच्याकडं बघावं लागतंय."

मी हसलो. त्यांच्या किडनीचा आकडा १.१ आला. "आबा, तुमी तर माझ्यापेक्षा ठणठणीत," म्हणत त्यांना एसटीत बसवून दिलं.

उन्हाळा सरता सरता पाटोद्याच्या एका बाईंचा तोच आकडा ५.१ छापून आला. धडधाकट बाई, रडून बेजार झाल्या. डॉक्टरांना शंका आली. तपासणी यंत्रातून थेट निघणारी चिठ्ठी पाहिली, तर तिच्यावर १.१. कॉम्प्युटरच्या मेमरीने एकाचा पाच केला होता.

मी धावत जाऊन तो प्रोग्राम उघडला. शून्य चुका. मग त्याची पहिल्या दिवसापासूनची नोंद वाचली. अगदी वरच त्याने लिहून ठेवलं होतं, की हा प्रोसेसर माझ्या ओळखीचा नाही, याच्या चुका मला दिसत नाहीत. ती ओळ मी वाचलीच नव्हती. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"आता कावून घाबरता? कळलं ना येळेवर," डॉक्टर म्हणाले.

पण एकाचा पाच होतो, तर पाचाचा एकही होत असणार. पाच आलेला माणूस घाबरून परत येतो. एक आलेला पेढे घेऊन घरी जातो.

मी आबांची चिठ्ठी शोधायला बसलो. जुन्या चिठ्ठ्यांचं खोकं पत्र्याखाली ठेवलेलं. उन्हाळ्याच्या तापाने त्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं उडून गेली होती. आबांची सापडली ती तारीख टाकलेल्या पाकिटामुळे. आत नुसता कोरा कागद.

मी फोन लावला. "आबा, पायाला सूज हाय का? थकवा? जेवण जातंय का?"

"मला काय व्हतंय?" आबा म्हणाले. "काईच न्हाई."

आयुष्यभर ते हेच म्हणत आलेत. फोनवर त्यांच्यामागे शेळ्या ओरडत होत्या.

"आबा, घरीच थांबा," मी म्हणालो. "मी गाडी घेऊन निघालो."