हळद नावाच्या सगळ्या फाइली

फुकटातली छोटी छोटी सॉफ्टवेअरं टाकून बघायचा मला नाद आहे. कुणाला साड्यांचा असतो, मला हा. उरणजवळच्या आमच्या गावात घरी बसून मी कंटेनरच्या गाड्यांची कागदपत्रं करते, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरचंच तोंड बघायचं. मग फोटो लहान करणारं एक, फाइलींची नावं झटक्यात बदलणारं एक, असं चालूच. नवरा वैतागतो. वैतागू दे.

कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, म्हणून एकसारख्या फाइली शोधून काढणारं नवीन सॉफ्टवेअर उतरवलं. कशावरून तपासू, असं त्यानं विचारलं. आतलं सगळं तपासायला फार वेळ लागत होता, म्हणून मी 'फक्त नावावरून' यावर टिचकी मारली. सगळ्यात जुनी ठेवून बाकीच्या कायमच्या पुसू का? पूस बाबा, म्हटलं. केवढी जागा मोकळी झाली ते बघून खूशही झाले. चहा प्यायला उठले आणि आईचे धवले आठवले.

माझी आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला म्हणतात, तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. ती आल्याशिवाय आमच्याकडे कुणी हळदीला हात लावत नाही. आईचे धवले मी इतकी वर्षं मोबाइलवर रेकॉर्ड करत आले. प्रत्येक लग्नाचं वेगळं फोल्डर आणि आत फाइलींना विधीचंच नाव: हळद, मांडव, वरात. दुसरं काय नाव देणार? पण आई त्यात नवरीचं नाव गुंफते, त्यामुळे एका मुलीची हळद दुसरीची कधीच नसते. हे त्या मेल्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार.

गेल्या वर्षी आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भावाच्या मुलीचा तेव्हा नुकता साखरपुडा झाला होता. ऑपरेशनला जायच्या आधी आईनं दिवा लावला, पाटावर हळदीची वाटी मांडली, शेजारी माझा मोबाइल ठेवला आणि नातीचं नाव घालून हळदीचा धवला म्हटला. हळदीच्या आधी तो कुणाच्या कानावर पडायचा नाही, असं बजावलं. म्हणून मी कुणाला पाठवला नाही. मोबाइल भरला तेव्हा कॉम्प्युटरवर हलवला. त्या फाइलीचं नावही 'हळद'च.

आता एकच हळद उरली होती, सगळ्यात जुनी, शेजारच्या पाड्यावरच्या मुलीची.

लग्न तोंडावर आलेलं. मी घाबरून पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्याला काही सापडेना, म्हणून दुसरं टाकलं, मग तिसरं. नाद असा नडतो बघा. शेवटी अलिबागच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं विचारलं, काय काय टाकलंत? मी सगळी यादी सांगितली. पुसलेली फाइल जागेवरच पडून असते, म्हणाला, पण नवीन काही टाकलं की ते तिच्यावर जाऊन बसतं. "ताई, आता कायपण टाकू नका. मशीन बंद करा आणि घेऊन या."

फाइल मिळाली त्याला. नाव बरोबर, लांबी बरोबर, आत नुसती खरखर.

आई रोज खुणेनं विचारायची, नीट ठेवलंयस ना? मी मान डोलवायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे. हळदीच्या आदल्या दिवशी ती सुपातल्या तांदळातलं तूस वेचत ओटीवर बसली होती, तेव्हा तिच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग श्वासाच्या आवाजात म्हणाली, "जुनी हाय ना? तीच लाव. नाव आलं का थांबव."

हळदीला मांडवात स्पीकरशेजारी कॉम्प्युटर घेऊन बसले. बोट बटणावर. कानात इयरफोन घालून मी ती हळद आदल्या रात्री इतक्यांदा ऐकली होती की कुठल्या श्वासानंतर त्या मुलीचं नाव येतं ते मला पाठ होतं. पण एक क्षण चुकला की भाचीच्या हळदीत परक्या मुलीचं नाव.

आईचा जुना, खणखणीत आवाज मांडवभर पसरला. बायकांनी हळद लावायला हात पुढे केले. तो श्वास आला आणि मी बटण दाबलं.

आवाज थांबला. आईनं नातीच्या हनुवटीला हात लावला आणि तिचे ओठ हलले. आवाज कुणालाच आला नाही. पण पुढच्या बायकांनी ओठ बघितले होते. त्यांनी भाचीचं नाव मोठ्यानं घेतलं, मग मागच्यांनी घेतलं. मला रडू फुटलं होतं, बटण दिसेना. आईनं माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हा मी रेकॉर्डिंग त्या नावाच्या पुढे सरकवून परत दाबलं आणि तिचा आवाज पुढे निघाला.