रायाजींच्या घराचा मधला खांब

दर्यापूरहून जीपने पाऊण तासावर रायाजीपेठ आहे. ती ज्या रायाजी पाटलांनी वसवली, त्यांचं घर अख्ख्या सागवानी ओंडक्यांचं. काळ्या मातीत भिंती भेगाळतात, म्हणून त्या खटपट्या माणसाने मेळघाटातून गाड्या भरभरून ओंडके आणले आणि एकावर एक रचले. पुढे नगरपालिकेने घराचं संग्रहालय केलं, रायाजींची पगडी काचेत ठेवली आणि झाडलोटीला पार्वताबाईला नेमलं. त्यालाही एकतीस वर्षं झाली. पगडीकडे बाईने कधी धड पाहिलं नसेल, तिचा सगळा जीव लाकडात.

दर सोमवारी घर लोकांना बंद असे. त्या दिवशी ती चुलीवर कडुनिंबाचा पाला टाकून घरभर धूर करायची. मग खलातला बत्ता घेऊन एकेक ओंडका ठोकून पाहायची. खणखणीत वाजला की पुढचा.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीहून गौरांग नावाचे नवे अधिकारी आले. पोरगेलेसे, पण बोलायला गोड. ते म्हणाले, "पार्वताबाई, लाकडाच्या घरात विस्तव नको. आपण औषध फवारून घेऊ."

"धूर काहून बंद करून राहिले साहेब? लाकूड धुरावरच जगते."

पण तिला 'तुम्ही' म्हणणारा हा पहिलाच साहेब. एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारी बाई तिथे विरघळली. चूल विझली. औषध एकदा फवारलं, पुढच्या वेळचा कागद कुठेतरी अडकला.

यंदा आषाढातल्या एका सोमवारी मधला खांब बद्द वाजला. तिने पुन्हा ठोकला, कान लावला. आत वाळवी होती. त्याच पावली जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगितलं की घराला कुलूप लागणार, आणि नवरा गेल्यापासून तिला दिवस काढायला दुसरी जागा नव्हती. सांगू पुढच्या सोमवारी, असं म्हणत तिने दिवाळी आणली. गुपचूप रॉकेल चोळलं, खांबाला हात जोडले. खांब काय ऐकतो!

कार्तिकात एका सकाळी छप्पर खाली बसलं. आत कोणी नव्हतं, एवढंच नशीब. इंजिनिअर म्हणाले, चार महिने आधी कळतं तर एका खांबावर निभावलं असतं. आता अख्खं घर उतरवावं लागेल.

ओंडके निघाले, त्या आठवड्यात नगरपालिकेने तिचा सत्कार ठेवला. एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल शाल आणि नारळ. शाल अंगावर पडताच तिने गौरांग साहेबांचा हात धरला.

"साहेब, खांब पोकळ झाला हे मले आखाडातच समजलं होतं. मी बोलली नाही."

साहेबांचे डोळे भरून आले. "असं मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले, आणि माइक पुढे ओढून त्यांनी लोकांना सांगितलं, की या माउलीची माया एवढी, की घर पडल्याचा दोषसुद्धा ती स्वतःवर घेते.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.