साक्षगंधात मेलेले सासरे

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नागपूरला हुडकेश्वरात आमच्या घरासमोरच्या मांडवात झालं. मुलगा माझ्यासोबतच कोराडीच्या वीज केंद्रात कामाला, गाव मात्र पार पालघरकडे, समुद्राकाठी. त्याचे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते, आणि तेव्हा पाकिस्तानच्या जेलात होते.

"चोऱ्या केल्या काय वं त्यानं?" बाबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेच विचारलं.

मी समजावलं. मोठमोठे ट्रॉलर बारीक जाळ्यांनी पिल्लांसकट सगळं ओरबाडून नेतात, काठाजवळ मासळीच उरली नाही. मग मालक बोट लांब धाडतो, अगदी हद्दीपर्यंत. पाण्यात काही तारेचं कुंपण नसतं. बोट पलीकडे गेली, त्यांच्या जहाजानं धरली. ते आपले धरतात, आपण त्यांचे धरतो, आणि दोन सरकारांचं जमेपर्यंत माणसं आत.

"आपण नागपूरचे. आपल्याले समुद्राचं काय समजते?" बाबा म्हणाले. "लोकायले फक्त जेल ऐकू येईन."

"मग येऊ द्या ना!" मी चिडून म्हणाले. पुढे नातेवाइकांनी सासऱ्यांबद्दल विचारणं एकदम बंद केलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही सुटल्यासारखं वाटलं.

साक्षगंधाला सासूबाई आल्या त्या हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र घालून आणि ठसठशीत कुंकू लावून. बायकांत कुजबुज सुरू झाली. मोठी आत्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन एकेकीला लावत येत होती. सासूबाईंनी कपाळ पुढे केलं. आत्या त्यांना ओलांडून पुढच्या बाईकडे गेली. सासूबाईंचं कपाळ तसंच पुढे राहिलं.

"आत्या, त्यांना काहून सोडलं?" मी पाटावरूनच ओरडले.

"हळू बोल वं! नवरा वारला ना तिचा? तुह्या बापानंच तर सांगतलं. आन् हे पाय, कशी नटून आली!"

लाजेनं माझे कान तापले. अगं, खरंच विधवा असत्या तरी अशी वागणूक? पण आधी बाबा. ते पाण्याच्या कॅनजवळ उभे होते, हातात भरलेला पेला.

"बाबा, सांगा सगळ्यांना."

"जिवंत हायेत," ते कसंबसं बोलले. "जेलात हायेत. मीच खोटं बोललो. म्हटलं, लोकं काय म्हणतीन..."

नवरा मुलगा ताडकन उठला. आता ही माणसं निघून जाणार, आणि त्यांना थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं. पण सासूबाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. मग आत्याकडे वळून कपाळ पुन्हा पुढे केलं. आत्यानं घाईघाईत चिमूट पुढे केली आणि कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं.

त्यांनी ते पुसलं नाही. बाबांना म्हणाल्या, "मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. त्यांना तिथे अजून किती काढायचंय कोणाला ठाऊक. दादा, आणखी चार लोकांना सांगा."

बाबांनी मान वर केली नाही. मीही नाही.