मोजणाऱ्याचं नाव

शेलूबाजारच्या अलीकडं, रोडला लागूनच शेतकरी गटाचं गोदाम आहे. गावोगावचं सोयाबीन तिथं यंत्रातून साफ होतं, बियाण्याच्या पोत्यांत भरलं जातं अन् पेरणीपर्यंत थप्पीला लागतं. त्या थप्प्यांचा हिशोब वैजयंतीकडं. दाराजवळ टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर अन् त्यात एकच फाइल. ना रकाने, ना रंग. चिठ्ठी लिहावी तशा नुसत्या ओळी.

वर तारीख. तिच्याखाली 'गोदाम', पुढं आले तेवढे पोते. त्याच्याखाली शेतकऱ्याचं नाव, पुढं तेवढेच पोते वजा. दोन्ही मिळून शून्य आलं की झोप लागते. शेवटी अर्धविराम देऊन कोणी मोजलं त्याचं नाव. हे नाव लिहायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

गटाचा अध्यक्ष धनराज यावरून तिला डिवचायचा.

"वैनी, हा हिशोब हाये का जाऊबाईले लिवलेली चिठ्ठी?"

"वाचता येते ना तुमाले? मंग झालं."

"अन् मोजणाऱ्याचं नाव कायले? पोते काय त्याच्या नावानं इकाचे हायेत?"

"राहू द्या ना भाऊजी. तुमच्या कॉम्प्युटरले वझं होते का?"

धनराज हसायचा, पण त्याच्या मनात दुसरंच होतं. त्याला बटनावालं मोठं सॉफ्टवेअर आणायचं होतं, अन् ते चालवायला वाशिमचा एक पोरगाही पाहून ठेवला होता. त्यानं सरळ सांगितलं, "गटाच्या मीटिंगच्या आधी थप्प्या मोजू. फाइलशी जुळल्या तं तुमीच बसा. नाई जुळल्या तं मले बोल नका लावू."

वैजयंतीला ती खुर्ची जाऊ द्यायची नव्हती. डोक्यावर पंखा, समोर रोड, हाताखाली काम, अन् 'चहा ठेव' म्हणणारं कोणी नाही. लग्नानंतर अशी जागा तिला पहिल्यांदाच भेटली होती.

थप्प्या मोजल्या तर सात पोते जास्त निघाले.

कमी निघाले असते तर चोर तरी शोधता आला असता. जास्तीचे कोणाचे म्हणायचे? तिनं फाइल वरून खालपर्यंत पाहिली. प्रत्येक जोडी शून्य. फाइलचं काही चुकलं नव्हतं. तिला सांगितलं तेच ती सांगत होती.

मीटिंगच्या दिवशी सकाळीच गणेश नावाच्या शेतकऱ्याचा माल आला. यंत्राच्या तोंडाशी शफीकभाई पोते मोजायला उभे राहिले. आधी हे काम पुंजाजीकडं होतं, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं अन् मोजणी शफीकभाईंकडं आली. पुंजाजी काळा चष्मा लावून बाजूला बाजेवर बसलेले. रोज वैजयंती आत बसूनच शेवटचा आकडा ऐकायची अन् लिहायची. आज तिचा जीव जाग्यावर नव्हता. ती बाहेर येऊन उभी राहिली.

"बरकत," शफीकभाईंनी पहिलं पोतं बाजूला केलं. "एक... दोन..."

माल संपला तेव्हा ते म्हणाले, "बारा, भाभी."

"तेरा हायेत शफीकभाई. म्या डोळ्यानं मोजले."

"तेराच हायेत. पन पयला बरकतचा. बरकत कोन गिनते?"

बाजेवरून पुंजाजी कडाडले, "काहून रे? म्या जल्मभर मोजलं. लाभ, दोन, तीन! लाभ म्हंजेच एक. तुह्या बरकतीनं लोकायचं एकेक पोतं गिळलं ना!"

"गिळलं कुठी आबाजी? थप्पीलेच हाये ना सारं. माह्या अब्बानं असंच शिकवलं."

"तुह्या अब्बाले मीच सांगो, पन त्यानं कधी ऐकलं?"

ते दोघं भांडतच राहिले. वैजयंती आत पळाली. फाइल उघडली, शोधायच्या जागी 'शफीक' टाकलं. अर्धविरामाच्या पुढची नावं भराभर पिवळी झाली. मोजली. बरोबर सात. पुंजाजीच्या नावाच्या ओळी जशाच्या तशा जुळत होत्या.

तिनं जुनं काही खोडलं नाही. खाली नव्या ओळी टाकल्या: सात शेतकरी, प्रत्येकाला एक पोतं जमा, अन् पुढं 'बरकत राहिली होती'. मग गणेशचे तेरा लिहिले.

दुपारच्या मीटिंगला धनराजनं ओळी वाचल्या, थप्पी पाहिली, परत ओळी वाचल्या.

"त्या वाशिमवाल्या पोराले काय सांगू आता?"

"चहा पाजा अन् वापस धाडा," पुंजाजी म्हणाले.

"वैनी, मोजणाऱ्याचं नाव लिवत जा मंग," धनराज म्हणाला, जशी काही ती त्याचीच कल्पना होती. वैजयंतीनं मान हलवली. खुर्ची राहिली, तेवढं पुरे होतं.

बरकत बंद करायचं मात्र कोणी नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी माल आला तेव्हा शफीकभाईंनी पहिलं पोतं बाजूला केलं, "बरकत" म्हटलं अन् तिथंच अडकले. आयुष्यभराच्या सवयीनं 'एक' तोंडात आलेलं. त्यांनी टेबलाकडं पाहिलं. वैजयंतीनं खुर्चीवरूनच दोन बोटं वर केली.

"दोन," शफीकभाई म्हणाले.