राजीनामा मंजूर

चष्मेवाल्यांनी राजीनामा दिला, तेव्हा तो कोणी घेईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. ज्यू समाजाच्या जुन्या मंडळाचे ते अध्यक्ष. केस काळे होते तेव्हा झाले, केस गेले तरी होतेच. दरवर्षी वार्षिक सभेत ते उठायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "मी थकलो. आता तरुणांनी पुढे यावं." मग सभा कळवळायची, शिंपी डोळ्यांना रुमाल लावायचा, चार जण म्हणायचे, "तुमच्याशिवाय कसं होणार?" आणि चष्मेवाले नाइलाजाने, अगदी नाइलाजाने, परत खुर्चीत बसायचे. त्यानंतर चहा येई.

मंडळ भारदस्त होतं. माणसं मूठभर आणि समित्या ढीगभर, त्यामुळे एकच माणूस एका समितीतून दुसऱ्या समितीला पत्रं लिही आणि उत्तर आलं नाही म्हणून रागावे. शाळा समिती होती, शाळेत मूल नव्हतं. अनाथ साहाय्य समितीचा शेवटचा अनाथ आता पणजोबा झाला होता, आणि समितीचा चिटणीसही तोच. यातलं काही बंद करू म्हटलं की चष्मेवाले म्हणत, "परंपरा आहे." सिनेगॉगच्या छतावरची टाकी गळायची, तीही बहुधा परंपराच असावी. सकाळची प्रार्थना सातची, पण सुरू व्हायची अध्यक्ष आल्यावर, आणि अध्यक्ष यायचे पोट साफ झाल्यावर.

माणूस वाईट नव्हता. वादळात सिनेगॉगचं छप्पर उडालं तेव्हा हेच शिडीवर चढून पत्रे ठोकत होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे चष्मे त्यांनी जन्मभर फुकट दुरुस्त केले. पण पुढे शिडी सुटली आणि खुर्ची तेवढी राहिली.

त्या वर्षी मंडळाच्या सचिव होत्या त्यांच्या सूनबाई. दातांच्या डॉक्टर. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून त्यांच्या गळ्यात पडलेलं काम. चष्मेवाले उठले, खाकरले, थकलो म्हणाले. सभा कळवळणार, इतक्यात सून म्हणाली, "बाबांनी खूप केलं. आता त्यांना खरंच विश्रांती देऊ या. राजीनामा मंजूर करावा, असं मी सुचवते."

शिंप्याचा रुमाल खिशातून निम्मा बाहेर आला होता, तो तिथेच थांबला. मग एक हात वर गेला. मग दुसरा. शेवटी शिंप्याचाही गेला. दाढ काढतानाही ती अशाच गोड आवाजात बोलायची, पेशंट तोंड मिटेपर्यंत दाढ ताटलीत. चहा येण्याआधी तीच अध्यक्ष झाली. चष्मेवाल्यांनी सिनेगॉगची किल्ली टेबलावर आपटली आणि पुन्हा त्या पायरीवर पाऊल ठेवणार नाही, असं जाहीर केलं.

घरी अबोला सुरू झाला. "तिला सांग, भाजीत मीठ कमी आहे," ते बायकोला म्हणत.

"ती तुमच्या शेजारी बसलीय. आणि भाजी मी केलीय."

"बघतोच, माझ्याशिवाय कसं चालतं," असं ते येईल त्याला सांगत. आणि चाललं की. टाकी गळायची थांबली. प्रार्थना सातला सुरू होऊ लागली. तीन समित्या बंद झाल्या, आणि त्या होत्या हेच कोणाला आठवेना. चष्मेवाले रोज सकाळी कोट घालून खिडकीशी बसायचे, कोणीतरी बोलवायला येईल म्हणून. कोणी येत नव्हतं. आपल्यावाचून कोणाचं अडत नाही, हे त्यांना आतून खात होतं.

एके दिवशी सकाळी सून धापा टाकत आली. "बाबा, चला."

"तिला विचार," ते बायकोला म्हणाले, "मंडळाने बोलावलंय का?"

"मंडळाने नाही. बाहेरगावचा एक ट्रकवाला आलाय, आपल्यातलाच. परवा त्याची आई गेली. तिच्यासाठी कादिश म्हणायचंय, आणि पुरुष नऊच आहेत."

मेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना दहा पुरुष जमल्याखेरीज म्हणता येत नाही. हा नियम चष्मेवाल्यांनीच सुनेला लग्नानंतर समजावला होता.

"मग तू अध्यक्ष कशाला झालीस?" ते थेट तिच्यावरच खेकसले.

"मी अध्यक्ष असले तरी मला मोजत नाहीत, बाबा. तुम्हाला मोजतात."

बायकोने त्यांच्यापुढे चपला ठेवल्या.

सिनेगॉगमध्ये शिरताच सवयीने त्यांचे पाय पुढच्या खुर्चीकडे वळले. तिथे ट्रकवाला मान खाली घालून बसला होता. ते मागे दाराशीच उभे राहिले. माणसं सरळ मोजायची नाहीत, अशी जुनी रीत. शिंपी बोट फिरवत म्हणाला, "एक नाही, दोन नाही..." बोट दारापर्यंत आलं. "दहा नाही." आणि त्याने पुस्तक उघडलं. कोणी उठून उभं राहिलं नाही, कोणी बसा म्हटलं नाही. ट्रकवाल्याचा आवाज दोनदा फुटला. आपण घरी आमंत्रणाची वाट बघत होतो आणि हा इथे आईसाठी माणसाची, या विचाराने चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हटलं.

जाताना ट्रकवाल्याने त्यांचा हात धरला. "उपकार झाले. आपण कोण?"

त्या इमारतीत हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता. 'माजी अध्यक्ष' ओठांवर आलं होतं.

"इथलाच," ते म्हणाले.

सून कुलूप लावत होती. ते तिच्यामागे घुटमळले. "उद्या किती वाजता?"

"सातलाच. कोणासाठी थांबत नाही आम्ही."

दुसऱ्या दिवशी सून किल्ली घेऊन आली, तेव्हा ते कोट सावरत बंद दारासमोर, त्याच पायरीवर बसले होते.

"अध्यक्ष झालीस म्हणून काय वाटेल तेव्हा येणार?" ते म्हणाले. "उघड लवकर."